ओलीनेच्या वाटणीचा तुकडा

कुलुसुक,
२० सप्टेंबर १९९८

चि. सौ. सालोमीने हिस,
बाबांचे अ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. बोटीचं इंजिन उत्तम, कुत्री बरी, आणि मी त्यांच्या खालोखाल. फोनवर का बोलत नाही म्हणून तू रागावतेस. अगं, फोन आहे दुकानात, आणि दुकानात असतं सगळं गाव. मागच्या वेळी तू तिकडून विचारलंस की बाबा, वेळेवर जेवता ना, तर मी तोंड उघडायच्या आत पिठाच्या पोत्यांवर बसलेल्या दोघींनी नाही म्हणून सांगून टाकलं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

या हंगामातलं शेवटचं जहाज परवा तिकडे डेन्मार्कला, तुमच्या आलबोर्गला निघतंय. त्यावरच्या आचाऱ्याजवळ तुझ्यासाठी एक पेटी दिली आहे. वाटेत त्याने उघडून खाल्ली तर मला कळव, पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे मीच बघतो. पेटीत मात्ताक आहे, तुला आवडतं तसं, कातडीला चरबी लागलेलं. ऑगस्टअखेर खाडीच्या तोंडाशी आम्हांला एकदंती देवमासा मिळाला. केवढा म्हणशील! दात माझ्या उंचीहून लांब, आणि पाठ पार पांढरी झालेली. तुला आठवत असेल, पिल्लं करडी असतात, जवान ठिपक्यांचे, आणि पांढरी पाठ फक्त म्हाताऱ्यांची. पहिला भाला माझा लागला, म्हणून पहिला सुरासुद्धा माझाच. शेपटीजवळची कातडी आणि तिच्याखालची जाड गुलाबी चरबी, जो तुकडा मी दर वर्षी तुझ्या आईच्या ताटात ठेवायचो, तोच नेमका कापून घेतला. कापला आणि मग लक्षात आलं की घरी आता ताट एकच मांडायचंय. म्हणून अर्धा तुला पाठवला. उरलेला अर्धा फ्रीजरमध्ये ठेवलाय, ज्याचा आहे त्याच्यासाठी.

तिचं नाव मी घेत नाही, हे तुला सांगायला नको. मार्चमध्ये ती गेली तेव्हापासून गावात कुणीच घेत नाही. पाद्रीबुवा मला म्हणाले, विट्टुस, बाप्तिस्मा झालेला माणूस तू, आणि असल्या जुन्या समजुती धरून बसतोस? मी म्हटलं, बुवा, तुमचं सगळं खरं, पण ते नाव सध्या उघड्यावर आहे, अंगावर कातडं नाही. उगाच हाक मारली तर बिचारं मागे वळून बघेल आणि वाट चुकेल. आधी त्याला कुणाच्या तरी अंगात घर मिळू दे. बुवा हसले. पण नाव त्यांनीही घेतलं नाही. तुझ्या पोटात ते घर तयार होतंय. जड काही उचलू नकोस.

जाता जाता एक गंमत. शेजारच्या तासिलाकच्या दवाखान्यातले डॅनिश डॉक्टर शाळेत सभा घेऊन गेले. भिंतीवर चित्रं दाखवली. म्हणे दूरदेशीच्या कारखान्यांतलं काहीतरी विष वाऱ्यापाण्याबरोबर आपल्याकडे येतं, सीलच्या नि देवमाशांच्या चरबीत मुक्काम करतं, आणि ते कधी नासत नाही. म्हातारा गाबा उठून म्हणाला, डॉक्टर, मग मिठाऐवजी तेच विका की, मांस टिकेल तरी. सगळी शाळा हसली आणि सभा तिथेच आटोपली.

लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. पत्राची लांबी मात्र वाढव.

तुझा
बाबा


आलबोर्ग,
२५ ऑक्टोबर १९९८

ती. बाबांस,
सालोमीनेचा शि. सा. न. वि. वि.

पेटी पोचली. आचाऱ्याने उघडली नव्हती, पण हुंगली होती, हे त्यानेच कबूल केलं. दोरीला तुमची ती बोटीची गाठ. सोडवता सोडवता मला रडू फुटलं, तर तुमचा जावई प्रेबेन कात्री आणायला धावला. बिचाऱ्याला वाटलं, गाठ सुटत नाही म्हणून रडतेय.

पेटी उघडली आणि घरात कुलुसुक आलं. प्रेबेनने खिडक्या उघडल्या, मी बंद केल्या. त्याने पुन्हा उघडल्या. शेवटी तो भावाकडे जाऊन बसला आणि मी ओट्याशी उभ्या उभ्याच एक तुकडा घेतला, तुम्ही शिकवलंत तशा त्याला बारीक चौकड्या पाडल्या, आणि चावत राहिले. बाबा, इथे सगळं मऊ आहे. पाव मऊ, मासा मऊ, जमीनसुद्धा लोण्यासारखी सपाट. दातांना काहीतरी काम मिळालं, त्याबरोबर किनाऱ्यावर कुत्री ओरडायला लागली, तुम्ही बोट ओढताय, आई दारात उभी. तुकडा संपला आणि समोर पुन्हा आमच्या इमारतीमागचा सायकलींचा अड्डा.

आता तुम्ही ओरडाल ते लिहिते. इथल्या सुईणबाई, एल्से त्यांचं नाव, आपल्याकडून इथे आलेल्या गरोदर बायकांचं रक्त मुद्दाम तपासून घेतात. तुमच्या शाळेतल्या सभेवर तुम्ही हसलात, पण तीच गोष्ट त्यांनी मला शेजारी बसवून सांगितली. त्या विषाला पीसीबी म्हणतात. विजेच्या मोठमोठ्या पेट्यांतल्या तेलात, रंगांत घालायचे. करणं कधीच बंद झालं, पण केलेलं संपत नाही. ते समुद्रातल्या किड्यात शिरतं, किड्याला मासा खातो, माशाला सील, देवमासा. प्रत्येक जण आपल्या चरबीत साठवत जातो, आणि जितका जास्त जगेल तितकं जास्त. मग खाणाऱ्या बाईच्या अंगात, आणि तिच्याकडून बाळात. त्याने मूल मरतं असं नाही. पण सारखं आजारी पडू शकतं, कान पिकतात, शिकण्यात मागे राहू शकतं. मोठ्यांनी, म्हाताऱ्यांनी खाल्लं तर एवढी काळजी नाही म्हणाल्या. मुलंबाळं व्हायची आहेत त्या बायकांनी मात्र चरबी टाळावी.

मी त्यांना सांगितलं नाही की घरी फ्रीजरमध्ये पांढऱ्या पाठीचा देवमासा आहे. त्या दिवसापासून मी त्याला हात लावलेला नाही. टाकूनही देववत नाही. तुम्ही पुन्हा पाठवू नका एवढीच विनवणी. रागावू नका.

यूडिथे मावशीला नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे?

तुमची आठवण रोज येते, तिच्यासाठी जहाज लागत नाही.

आपली
सालोमीने


कुलुसुक,
३० नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सालोमीने हिस,
बाबांचे अ. आ. वि. वि.

विमानाच्या टपालाने पत्र आलं. रागावलो नाही. चार वेळा उठून इंजिनाचा पंखा साफ केला, त्याला रागावणं म्हणत नाहीत.

आता माझंही ऐकून घे. मी एका कुत्र्यावर संसार सुरू केला. ना बापाची बोट ना सासऱ्याची बंदूक. जनावर पारखून घ्यायला मला पोटाने शिकवलंय. जे जनावर रोगट असतं ते पहिल्या दोन हिवाळ्यांत संपतं. ज्याची पाठ पांढरी होईपर्यंत त्याला ना अस्वल लागलं, ना आजार, ना माझ्यासारखा कुणी, त्याच्या अंगात विष असेल कसं? असतं तर तो म्हातारा झाला असता का? म्हणूनच तर मी सगळ्यांत म्हातारा निवडून तुला पाठवला. पोटुशी बाईला लेचंपेचं पिल्लू कोण पाठवेल? हे तुझ्या एल्सेबाईंना विचार, आणि त्या काय म्हणतात ते मला नको कळवूस.

डेन्मार्कने आम्हांला साखर दिली, दात पडले. तेव्हा नाही कुणी भिंतीवर चित्रं दाखवायला आलं.

यूडिथेचा गुडघा तिच्या जिभेपेक्षा बरा आहे. काल येऊन मला म्हणाली, भावोजी, पोर तिकडे घाबरलीय आणि तुम्ही इकडे वाद जिंकताय. मी म्हटलं, दुसरं काही जिंकायला उरलंय का या घरात? तिने जाताना दोन कप विसळले. एक मी प्यायलेला, एक मी सवयीने मांडलेला.

इथे आता दिवस म्हणजे दुपारची उजेडाची एक फट. मी ओट्याशी बसतो आणि तुझ्या पोटातल्या पाहुण्याशी बोलतो. मुलगा असला तरी नाव तेच, आम्हांला चालतं. प्रेबेनला समजावून ठेव, नाहीतर तो कुठल्यातरी काकाचं नाव काढून ठेवेल.

लोभ असू द्यावा. राग असला तरी चालेल, पण तोही कळवून.

तुझा
बाबा


आलबोर्ग,
२४ जानेवारी १९९९

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ओलीने आली.

घ्या बाबा, आता घ्या नाव. मोठ्याने घ्या. तुमचा निरोप्या दुकानातून धावत आला असेल, तार मिळाली असेल, तरी माझ्या हाताने लिहून पाठवते. मंगळवारी पहाटे झाली. मुलगी. केस काळेभोर आणि उजव्या भुवईत आईसारखाच भोवरा. प्रेबेनने काकाचं नाव सुचवलं नाही. उलट तो तिला पाळण्यात ठेवताना आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सासूबाई म्हणाला, आणि दवाखान्यातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या.

आता दुसरं. माझ्या रक्ताचा निकाल आला. आपल्या किनाऱ्यावरच्या, माझ्याच वयाच्या इतर बायकांपेक्षाही माझा आकडा पुष्कळ वर आहे. एल्सेबाई सारख्या विचारत होत्या, लहानपणी घरात नेहमीपेक्षा जास्त चरबी खायचात का? मी म्हटलं, सगळे खायचे तेवढीच. त्यांनी अंगावर पाजायला मनाई केली नाही. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, ते सोडू नका म्हणाल्या. पण यापुढे माझ्या पोटात आणि ओलीनेच्या पोटात नवी भर नको, देवमाशाची तर नकोच.

जुलैमध्ये आम्ही येतो. तोवर ती पहिला घास घ्यायच्या वयाची होईल. मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आहे. म्हणून आधीच सांगते, बाबा, तो घास मात्ताकचा नको.

ओलीनेचा आणि माझा नमस्कार. तिला तुम्ही काय म्हणणार हे ती विचारतेय.

आपली
सालोमीने


कुलुसुक,
१२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. सालोमीने हिस,
अ. आ. वि. वि.

ओलीने, ओलीने, ओलीने. बघ, कागद कसा गरम झाला.

बातमी कळली तेव्हा मी बर्फावर, सील श्वास घ्यायला वर येतो त्या भोकाशी उभा होतो. टोपी न घालता गावभर फिरलो. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की माझी बायको परत आली, वजन जरा कमी झालंय. संध्याकाळी सगळं गाव कॉफीला आलं. पाद्रीबुवांनी केकचे तीन तुकडे खाल्ले आणि नाव चार वेळा घेतलं. गाबा म्हणाला, विट्टुस, आता नीट वाग, या खेपेला ती लहानपणापासून बघणार आहे तुला. इतक्या महिन्यांनी घरात माणसांची वाफ साठली होती. सगळे गेल्यावर मी दार लगेच लावलं, ती बाहेर जाऊ नये म्हणून.

तिला मी बायको म्हणणार, दुसरं काय? आणि म्हणूनच तुझ्या पत्राचा शेवट मला गिळता आला नाही. नाव नुसतं कागदावर ठेवून राहतं का? ज्याचं नाव, त्याचं खाणं त्याला पहिल्यांदा भरवायचं, तेव्हा ते आत स्थिर होतं, हे मला आईने शिकवलं आणि तिला तिच्या आईने. मला माझ्या आजोबांचं नाव दिलं तेव्हा सीलचं काळीज चाटवलं होतं, अजून तेच आवडतं. ओलीनेला आयुष्यभर काय आवडलं हे मला नाही तर कुणाला माहीत? मी तो तुकडा ताटात ठेवायचो आणि ती माझ्याकडे बघून हसायची. एवढ्या वर्षांत एकदाही तुकडा ताटात राहिला नाही.

तू म्हणतेस विष. मी म्हणतो नखाएवढा काप. तेवढ्यानेही नाव तिच्या आत बसेल आणि मला कळेल की ती आली. नाही दिलं तर ते नाव तिच्या अंगाभोवती नुसतं घुटमळत राहील, पोर किरकिरी होईल. आणि मी इथे तिची वाट बघतच राहीन, घरात पाळणा हलत असला तरी.

फ्रीजरमधला अर्धा तुकडा मी हलवलेला नाही. विचार कर.

लोभ असावा. मी फार काही मागत नाही असं मला वाटतं.

तुझा
बाबा


आलबोर्ग,
१८ एप्रिल १९९९

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. ओलीने आजारी होती. कान पिकला, ताप, आणि दूध घेईना. डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले लहान मुलांचे कान पिकतातच, कशाने ते सांगता येत नाही. मी मात्र प्रत्येक किंकाळीला तो आकडा आठवत बसले. बंदराजवळ आपल्याकडची एक बाई राहते, ती बघायला आली आणि म्हणाली, नाव उपाशी आहे गं, दुसरं काय.

मीही तुमचीच मुलगी बाबा. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेबेन कामावर गेला आणि मी तुम्ही पाठवलेल्यातला उरलेला तुकडा फ्रीजरमधून काढला. नखाएवढा काप केला, तुम्ही म्हणालात तेवढाच. तिला मांडीवर घेतलं आणि तो ओठांशी नेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान बाजूला वळवली. रडत नव्हती, नुसती वळवली, जणू कुणी बघत तर नाही ना, असं बघितल्यासारखी.

ती मान वळवणं मी पाहिलेलं आहे. तान्ह्या मुलाने मान वळवण्यात काही नसतं म्हणाल, खरंही असेल. पण मला आई दिसली, आणि माझा हात खाली आला.

बाबा, आईला मात्ताक आवडत नव्हतं.

हे मी तिला कबूल केलं होतं की तुम्हांला सांगणार नाही. तुम्ही तुकडा तिच्या ताटात ठेवायचात, ती हसायची, हे खरं. मग तुम्ही किटली आणायला उठायचात. तेवढ्यात तो माझ्या हातात यायचा. दर वेळी. सीलच्या चरबीचंही तेच. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, दिवसभर बर्फावर उभा राहून त्या माणसाने आणलंय, त्याच्या तोंडावर नको म्हणू का? आणि तुझं वाढतं अंग आहे, खा गपचूप. मी खायची. मला फार आवडायचं. एल्सेबाई विचारत होत्या ना, नेहमीपेक्षा जास्त खायचात का? मी दोघींच्या वाटणीचं खाल्लं बाबा. ते सगळं माझ्यात आहे, आणि मी ते ओलीनेला पाजतेय.

यात कुणाचं चुकलं म्हणून लिहीत नाही. तुम्ही मायेने दिलंत, तिने मायेने मला दिलं. तसंच मी मायेने पुढे द्यायला निघाले होते. मला ते इथे, माझ्यापाशी थांबवायचंय.

आईला काय आवडायचं ते सांगते. जूनमध्ये किनाऱ्यावर येते ती बोटभर चंदेरी मासळी. खडकांवर पसरलेली, धड ओली नाही, धड वाळलेली नाही, अशी असताना ती आणि मावशी तिथेच बसून डोक्यासकट खायच्या आणि पोट भरून घरी यायच्या. तुम्ही त्या मासळीला कुत्र्यांचं खाणं म्हणायचात. म्हणून ती तुमच्यासमोर कधी बोलली नाही. एवढ्याशा माशांत ते विष फारसं नसतं, हे मी एल्सेबाईंना विचारून घेतलंय. ओलीनेचा कान बरा झाला आहे. दूधही घेतेय.

तुमच्याकडून आई काढून घेतल्यासारखं वाटतंय मला. एक ओळ तरी लिहा.

आपली
सालोमीने


कुलुसुक,
१४ जून १९९९

चि. सालोमीनेस,
यूडिथे मावशीचे अ. आ. वि. वि.

तुझ्या बापाचं पत्र नाही म्हणून तू दुकानात फोन केलास, आणि त्या पोत्यावरच्या दोघींनी सांगितलं की विट्टुस वेडा झालाय. तसं काही नाही. आता नीट ऐक.

तुझं पत्र खिशात घालून भावोजी माझ्याकडे आले. कॉफी प्यायले, हवेबद्दल बोलले, पुन्हा कॉफी प्यायले. मग विचारलं की यूडिथे, हे खरं का? मी म्हटलं, खरं. तर म्हणाले, मला कुणी सांगितलं का नाही? मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही ताटात ठेवायचात आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचात, लहान पोर शाबासकीसाठी बघतं तसं. असं तोंड बघून कोण नाही म्हणेल? उठले आणि गेले. मग बरेच दिवस फक्त त्यांची कुत्री ऐकू यायची.

मला धास्ती वाटत होती, खोटं कशाला सांगू. बायको गेली तेव्हाही हा माणूस असा बसला नव्हता. तेव्हा निदान काय गेलं हे त्याला ठाऊक होतं.

मग एक दिवस फ्रीजरमधला तो तुकडा काढून त्यांनी गाबाला आणि इतर म्हाताऱ्यांना बोलावलं. डॉक्टर म्हणतात ना, म्हाताऱ्यांना चालतं. गाबा म्हणाला, या वयात मला आता मूल होण्याचा धोका नाही, वाढ. सगळा संपवला. भावोजींनी स्वतः एक घास घेतला आणि बाकीच्यांना वाढत राहिले.

आणि गेल्या आठवड्यात मासळी आली. किनारा नुसता चमकत होता. आम्ही बायका आणि पोरं लांब दांड्यांच्या जाळ्या घेऊन उभी, तर खडकावरून कोण उतरतंय? या कामाला आपल्या गावचा शिकारी आजवर कधी आलाय? जाळी उलटी धरलेली. एकीने विचारलं, विट्टुस, भाला घरी विसरलास का? दुसरी म्हणाली, हळू रे, मासळी अंगावर येईल, चावेल. सगळा किनारा हसला. अर्धी मासळी जाळीत, अर्धी बुटात. पण भावोजी उपसत राहिले. मग खडकावर एकेक पसरली, अशी ओळीने, जसं कुणी मोजायला येणार आहे, आणि समुद्रपाखरांना हाकलत दिवसभर तिथे बसून. दर थोड्या वेळाने एक मासा उचलून मला आणून दाखवायचे. यूडिथे, अशी झाल्यावर खायची ती? की अजून जरा? मी म्हणायची, अजून जरा. पुन्हा जाऊन बसायचे.

शेवटी मी एक उचलून मोडून बघितली आणि म्हटलं, आता. तर त्यांनी टोपी काढली.

एवढंच. तू ये लवकर. पत्र ते लिहिताहेत, पण तुला नाही.

तुझी
यूडिथे मावशी


कुलुसुक,
२० जून १९९९

चि. ओलीने हिस,

तुला चि. लिहू की सौ. लिहू, या विचारात कॉफी गार झाली. दोन्ही समज. विट्टुसचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार. वि. वि.

हे पत्र सालोमीने तुला वाचून दाखवेल. तिने मधे रडू नये म्हणून सांग. तिने माझं काही काढून घेतलेलं नाही. मला वाटत होतं तू जितकी होतीस, त्याहून तू जास्त निघालीस, एवढंच झालंय. त्या जास्तीच्या तुझी मला ओळख नव्हती. तिची आठवण मी काढायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून पत्राला उशीर झाला.

पण बाई, एकदा तरी बोलायचंस. मी रागावलो असतो. चार दिवस इंजिन साफ केलं असतं. मग विचारलं असतं. एवढी वर्षं मी सगळ्यांत जुनं, सगळ्यांत जाड, सगळ्यांत मानाचं तुझ्यापुढे ठेवत गेलो, आणि ते तुला नको होतं आणि पोरीला बाधणारं होतं. त्या डॉक्टरांना मी हसलो होतो. परवा ते बोटीने आले तेव्हा मी त्यांना घरी बोलावून सगळं पुन्हा सांगायला लावलं, सावकाश, चित्रांशिवाय. पांढऱ्या पाठीचं मी उलटंच समजलो होतो. जनावर मरत नाही म्हणजे त्यात काही नाही असं नसतं. पुष्कळ काही साठवून ते शांत जगत राहतं. हे मला तुझ्यावरूनच कळायला हवं होतं.

सालोमीनेला सांग, मुलंबाळं व्हायची आहेत तोवर तिच्या ताटात मी काही ठेवणार नाही. पुढे म्हातारी झाली की मग आम्ही दोघं बसून खाऊ, मी असलो तर.

जुलैमध्ये तू येशील. मासळी तयार आहे. यूडिथे म्हणते की तुझ्यासाठी ती उकडायची, काटे काढायचे, कुस्करायची, मगच द्यायची. तसं करू. पण आधी मी तुझ्यापुढे रिकामं ताट ठेवीन आणि विचारीन. तू हात लांब केलास तर देईन. मान वळवलीस तर मला वाईट वाटेल, खोटं सांगत नाही, पण मी किटली आणायला उठणार नाही. तिथेच बसून राहीन आणि दुसरं काहीतरी विचारीन. तुला बोलता येईपर्यंत रोज विचारीन. आता आपल्याजवळ वेळ आहे, निदान तुझ्याजवळ आहे.

तोवर मी रोज एक खाऊन बघतोय. डोक्यासकट, खडकावर बसून. मला अजून आवडलेली नाही. खारट आहे, काटे दातांत बसतात, आणि वास मला अजून कुत्र्यांच्या जेवणाचाच येतो. तरी खातो. इतकी वर्षं आपण एका टेबलाशी बसलो, ओलीने, पण एकच जेवण आपण आत्ता कुठे जेवायला लागलोय.

कळावे. लोभ आहेच. यापुढे आवडनिवडही कळवत जावी, ही विनंती.

तुझा
विट्टुस